म्हातारा जाणार

"हा म्हातारा जाणार," सुबोध म्हणाला.

इरानं रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावरचा म्हातारा हातात झारा धरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थांबला. त्याच्या मागं दुकानाच्या दारातून यंत्रमानवाचं गंजकं पाऊल दिसत होतं. नुसत्या पावलानंच दार भरून गेलं होतं.

"बाबा, अजून टायटल साँग पण झालं नाहीये."

"खोकला तो. ऐकलंस ना? गोष्टीत कुणी उगाच खोकत नाही."

"माणसं खोकतात, लाह," इरा सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

"माणसं खोकतात. कार्टूनमधल्यांना कुणीतरी मुद्दाम खोकायला लावतं. आत्ता खोकला, म्हणजे शेवटाला जाणार."

"कार्टून नाही, अ‍ॅनिमे," इरा म्हणाली आणि तिनं म्हाताऱ्याला पुन्हा चालू केलं.

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारची जेवणं उरकली होती. सुबोधची बायको सुचित्रा आत झोपली होती. आठवडाभर बँकेत राबून आलेल्या बाईच्या रविवारच्या झोपेला हात लावायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. इराची ज्युनिअर कॉलेजची परीक्षा झाली, निकाल लागला, मेलबर्नचं कॉलेजही ठरलं. जाण्याआधी तिनं बापाकडे एकच मागणं मागितलं. एक मालिका तिच्याबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. फोन हातात घ्यायचा नाही आणि पुढं काय होणार ते गूगलवर शोधायचं नाही. सुबोधनं कबूल केलं, पण एवढं साधं मागणं ऐकून त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आजकालच्या मुली आपणहून बापाशेजारी येऊन बसतात होय?

ती जपानी मालिका तशी पोरखेळच होती. कुठल्याशा जुन्या लढाईसाठी बनवलेला सहा मजली यंत्रमानव. लढाई केव्हाच संपली आणि हा गडी एका डोंगराळ गावात घरोघर नूडल्स पोचवायच्या कामाला लागला. त्याच्या डोक्यात बसून त्याला चालवणारी हाना नावाची पोर, आणि खाली दुकानात रस्सा उकळणारे तिचे आजोबा. रस्सा न सांडता डोंगर चढायचा, एवढीच लढाई आता उरली होती. यंत्रमानव शिंकला की गावभरचं वाळत घातलेलं धुणं उडून जाई. एका भागात त्याच्या कानात चिमणीनं घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत बिचारा मान वाकडी करून नूडल्स वाटत फिरला.

इरा हे बघताना सोफ्याच्या कोपऱ्यात पाय दुमडून, उशी पोटाशी धरून खिदळत असे. सुबोधचं लक्ष मात्र यंत्रमानवाच्या छातीवरच्या लाल झाकणावर असे. मोठं, गोल, कुलूप घातलेलं झाकण.

"त्याच्या आत काय आहे?"

"बघ तू."

"बॉम्ब असणार. लढाईतलं यंत्र आहे ते."

"बघ तू, बाबा."

'बघ तू' म्हटल्यानं सुबोधचं समाधान होण्यातलं नव्हतं. त्याचा धंदाच संशयाचा होता. एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टिंगचा मॅनेजर होता, म्हणजे दुसऱ्यानं 'चालतंय' म्हटलं की ते चालत कसं नाही हे शोधून काढायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. कुणी हसतमुखानं 'सगळं झालंय' म्हणत आलं की त्याला कुठंतरी पाणी मुरताना दिसायचं, आणि बहुतेक वेळा ते मुरतच असायचं. गेल्या साली ऑफिसात विनाकारण मोठा केक आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवून खाल्ला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या टीममधली निम्मी माणसं आपापले नोकरीचे पास रद्द करून मायदेशी निघाली. सुबोध वाचला, पण तेव्हापासून ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला तरी तो केक आणणाऱ्याचा चेहरा आधी बघायचा. घराखालून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वे बिनड्रायव्हरची. इतकी वर्षं रोज तिनं जाऊनही तो सगळ्यात पुढं उभा राहून रुळांवर लक्ष ठेवायचा. काही झालं असतं तर तो काय करणार होता, हे सुचित्रानं पुष्कळदा विचारून पाहिलं होतं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरं कारण निराळं होतं, आणि ते घरात कुणी बोलत नसे.

दर शनिवारी पुण्याला फोन व्हायचा. गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी धाकटा भाऊ अवधूत बोलत असताना मागून नानांचा, त्यांच्या वडिलांचा, खोकला ऐकू आला. खोल, थांबता न थांबणारा. "नाना का खोकतायत रे?" सुबोधनं विचारलं. "काही नाही, आईनं फोडणीत मिरच्या टाकल्यात. सगळ्यांनाच ठसका लागलाय," अवधूत हसत म्हणाला. आणि साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं नेमका त्या एका वाक्यावर विश्वास ठेवला. वर "मला इथपर्यंत वास आला" अशी चेष्टाही केली. पुढचा फोन आला तो शनिवारचा नव्हता. सुबोध एकटाच धावत पुण्याला गेला, कारण इराची परीक्षा तोंडावर होती. तो पोचला तेव्हा नाना नव्हते. "तू तिकडं लांब. इराचा अभ्यास. उगाच काळजी नको, असं नानाच म्हणाले," अवधूत मान खाली घालून म्हणाला. परदेशातल्या माणसाला वाईट ते कळवायचं नाही, ही त्यांच्याकडचीच नव्हे, घरोघरची रीत. सुबोधला ती माहीत होती. त्यानं स्वतःचा कावीळ झालेला महिना आईपासून असाच लपवला होता.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून सुबोधला 'सगळं ठीक आहे' हे शब्द ऐकले की धडकीच भरायची.

ऑफिसातला तन्मय अ‍ॅनिमेच्या बाबतीत दर्दी समजला जाई. हॉकर सेंटरमध्ये जेवताना सुबोधनं सहज विचारल्यासारखं करून विषय काढला. गूगल न करण्याचा शब्द त्यानं दिला होता. तन्मयला विचारायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

"ती नूडल्सवाली ना? मी सोडली मध्येच," तन्मय म्हणाला. "एवढा मोठा रोबो दिलाय आणि लढाईच नाही. मिसळ मागवावी आणि वाटीभर दही यावं, तसं झालं."

"म्हणजे शेवटपर्यंत काहीच होत नाही?"

"ते नाही माहीत. पण सुबोधदादा, एक सांगतो. ह्या गोड गोड सिरीज असतात ना, त्यांचा भरवसा नसतो. आधी हसवतात आणि मग एकदम कुणाला तरी मारतात. तुम्ही बेसावध असता ना, म्हणून जास्त लागतं."

सुबोधला आपल्या मताला साक्षीदार मिळाल्याचा आनंद झाला. त्यानं तन्मयच्या कॉफीचे पैसेही दिले.

त्यानंतरच्या रविवारी तो आणखीच सावध बसला. हाना हसली की तो म्हणे, आता हिच्यावर काहीतरी येणार. पाऊस पडला की म्हणे, दरड कोसळणार. आजोबा तर प्रत्येक भागात कधी ना कधी खोकत. मागच्या दारानं डोळे पुसत यायचे, खोकायचे, आणि हानानं विचारलं की हात झटकून "काही नाही, काही नाही" म्हणायचे. "बघ, लपवतोय तो," सुबोध म्हणायचा. इरा आधी हसून सोडून द्यायची, मग नुसती मान हलवायची, मग तेही थांबलं. ती पडद्यापेक्षा जास्त त्याच्याकडेच बघत असे, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इरा विनोद होण्याआधी हसत होती. यंत्रमानवानं शिंकण्यासाठी नाक वर करायच्या आधीच ती उशीत तोंड खुपसायची. आता हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ज्यानं आयुष्यभर बटण दाबणं आणि दिवा लागणं यांमधली फट मोजली, त्याच्यापासून हे लपायचं कसं? त्यानं सापळा लावला.

पडद्यावर यंत्रमानव दोन डोंगरांमधल्या झुलत्या पुलाकडे निघाला होता. "पूल तुटून तो खाली पडतो तेव्हा हाना आत अडकते, नाही का?" सुबोध अगदी सहज बोलला.

"पूल नाही तुटत, फक्त एक दोर—" इरा म्हणाली आणि गप्प झाली.

"तू हे आधी पाहिलंयस."

इरानं उशी बाजूला ठेवली. "हो."

"कधी?"

"लास्ट इयर."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू विचारत बसला असतास. एव्हरीथिंग. मग बघण्यात काय राहिलं असतं?"

सुबोधला तिचं बोलणं ऐकूच आलं नाही. त्याच्या डोक्यात सगळे तुकडे भराभर जुळत होते आणि जुळलेलं चित्र त्याच्या ओळखीचं होतं. "म्हणजे शेवट तुला माहितीये," तो म्हणाला. "म्हातारा जाणार हे तुला माहितीये, आणि तू दर रविवारी शेजारी बसून मला 'बघ तू, बघ तू' म्हणतेस."

"बाबा, मी असं म्हटलं का—"

"अवधूतकाका असाच बोलायचा. काही नाही रे, सगळं ठीक आहे. तुम्ही सगळे सारखेच. सगळ्यांना माहिती असतं, मी सोडून."

आवाज चढला होता. आतून सुचित्रानं "काय झालं रे?" असं झोपेतच विचारलं. इरा उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती या बाबतीत नानांवर गेली होती.

"एकच एपिसोड राहिलाय," ती म्हणाली. "तो तू एकटा बघ. मी किती थांबले होते माहितीये, बाबा?" आणि आपल्या खोलीत गेली.

कशासाठी थांबली होती, हे त्यानं तिच्या मागं जाऊन विचारायला हवं होतं. तो गेला नाही. आपण चोर पकडला आणि चोरच रुसून बसला, असंच त्याला वाटत राहिलं. पुढचे दिवस बॅगा भरण्यात गेले. दोघंही एकमेकांशी नीट बोलत होते, आणि तेच वाईट होतं. पुढच्या रविवारी टीव्ही बंदच राहिला.

चांगी विमानतळावर निरोप देताना इरानं आईला घट्ट मिठी मारली. मग त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"बघितलास?"

"नाही अजून. वेळ नाही झाला."

"बघ."

"पोचलीस की फोन कर. आणि इरा, काही झालं तर खरं सांगायचं. काळजी नको म्हणून लपवायचं नाही."

इरानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आणि खरं चांगलं असलं तर? ते चालेल तुला?"

तिच्या रांगेतली माणसं पुढं सरकली, तशी तीही बॅग ओढत निघाली.

मेलबर्नहून फोन येऊ लागले. "मजेत आहे," इरा म्हणायची, की सुबोधची तपासणी सुरू व्हायची. खोली दाखव. खिडकी बंद होते का बघू. फ्रिज उघड. डोळे लाल का दिसतायत? झोपली नाहीस, की रडलीस? मागं कोण बोलतंय? इरा फोन हातात धरून खोलीभर फिरायची, फ्रिज उघडायची, खिडकी लावून दाखवायची. मग तिचे फोन सुचित्राच्या मोबाइलवर येऊ लागले, सुचित्रा ऑफिसातून घरी यायच्या वाटेवर असेल तेव्हा. "बोलली मी तिच्याशी, मजेत आहे," सुचित्रा घरात शिरता शिरता सांगायची. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून 'मजेत'. मुलगी आपल्याशी बोलायचं टाळते आहे, हे कळायला काही टेस्टिंग मॅनेजर असावं लागत नाही.

एका रविवारी दुपारी त्यानं टीव्ही लावला. इराचा कोपरा रिकामा होता. तिची उशी मात्र तिथंच होती. म्हातारा मेलेला बघायचा आणि एकदाचं मोकळं व्हायचं, अशा तयारीनं तो बसला. निदान आपलं बरोबर होतं एवढं तरी हाती लागेल.

शेवटच्या भागात आजोबा सकाळी दुकानात नव्हते. हानानं गावभर शोधलं. यंत्रमानवाच्या छातीतून खोकल्याचा आवाज येत होता. खोल, थांबता न थांबणारा. सुबोधला बंद करावं असं वाटलं, पण रिमोट कुठं ठेवलाय ते आठवेना. हाना रडत शिडीवरून चढली, तिनं लाल झाकणाचं कुलूप तोडलं.

आत छोटीशी शेगडी होती. छताला वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा लटकत होत्या. आणि डॉक्टरनं तिखट बंद केलेले आजोबा कढईत मूठभर मिरच्या परतत, डोळ्यांतून पाणी गाळत, चोरासारखे बसले होते. रोज हेच चाललं होतं. उघडलेल्या झाकणातून तो सगळा तिखट धूर गावावर उतरला. हाना खोकली. पोस्टमन खोकला. सारा गाव छाती धरून खोकायला लागला. यंत्रमानवानं हळूहळू नाक वर केलं, आणि तो असा शिंकला की गावभरचं धुणं डोंगरापलीकडं गेलं. आजोबांनी हात झटकला. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले, आणि खरोखरच काही नव्हतं.

ठसका होता तो. नुसता फोडणीचा ठसका.

सुबोध हसला. त्याचं त्यालाच दचकायला झालं, इतक्या मोठ्यानं हसला. हसता हसता त्याला हुंदका आला, आणि पुण्यात, सगळ्यांसमोर जे आलं नव्हतं ते रडू त्या सोफ्यावर आलं. कोकणस्थ घरात जन्मून, दर आठवड्याला फोडणीला नाकावर रुमाल धरणारा तो माणूस. जपान्यांच्या म्हाताऱ्याचा ठसका त्याला ओळखू आला नव्हता.

डोळे पुसून त्यानं फोन लावला.

"बाबा?" इराचा आवाज घाबरलेला होता. "या वेळेला? काय झालं? आई ठीक आहे ना? खरं सांग."

"सगळं ठीक आहे," सुबोध म्हणाला आणि आपण काय बोललो ते ऐकून थबकला. "खरंच ठीक आहे. शेवटचा भाग बघितला."

"मग?"

"ठसका," तो म्हणाला.

"येस," इरा म्हणाली. "ठसका." मग बोलायला लागली. "अवधूतकाका फोनवर ते मिरच्यांचं बोलला ना तेव्हा, तू स्पीकरवर ठेवला होतास. मी तिथंच होते, बाबा. मग तू पुण्याला गेलास आणि मी अभ्यासाच्या नावाखाली हे बघत होते. मला पण वाटलं, हा म्हातारा जाणार. सगळे एपिसोड मला तेच वाटत होतं. आणि मग ते झाकण उघडलं. आय लाफ्ड सो मच. मग खूप रडले. तू आलास की तुला दाखवायचं, असं ठरवलं होतं. पण तू तेव्हा काही बघतच नव्हतास. मग मी थांबले."

"मी सगळं घालवलं," सुबोध म्हणाला. "तू शेजारी असताना बघायला हवं होतं."

"हो," इरा म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही. "पण हसलास ना?"

"हसलो."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. आई उठली बहुतेक. तू कशी आहेस?"

"मजेत आहे."

आवाज जरा बसल्यासारखा होता. सर्दी असेल, घरची आठवण येत असेल, किंवा आत्ताच रडल्यामुळं असेल. सुबोधच्या जिभेवर एकामागं एक प्रश्न येऊन उभे राहिले. त्यानं ते गिळले.

"बरं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर सुचित्रा झोपायला गेली नाही. घर फार शांत वाटतं, झोप लागत नाही, असं म्हणत ती बाहेर आली आणि इराच्या कोपऱ्यात बसली. उशी तिनं मांडीवर घेतली. "लाव ते तुमचं काय ते," ती म्हणाली. "मला कुणी कधी बोलावलंच नाही."

सुबोधनं पहिला भाग लावला. दुकानाच्या दारात ते गंजकं पाऊल आलं. आजोबा डोळे पुसत मागच्या दारानं आत आले, त्यांनी झारा उचलला आणि खोकले. सुबोधला हसू फुटलं.

"खोकतोय बिचारा, आणि तू हसतोस काय?" सुचित्रा म्हणाली. तिनं पडद्याकडे बारकाईनं पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हा म्हातारा जाणार, बघ."

"बघ तू," सुबोध म्हणाला.

पडद्यावर म्हातारा रस्सा ढवळत होता. मधूनच खोकत होता, आणि त्याला काहीही होणार नव्हतं.